हुवाया

“हुवाया म्हणजे अरबी असणार. शाब्बास-बिब्बास टाइप कायतरी.”

“नाय रे. फिलिपिनो हाय ते. चाचांच्या बरोबर तिकडे सगळे फिलिपिनोच होते.”

दोघंजण आमच्या दुकानाबाहेर, जिन्याच्या तोंडाशी, वरच्या पाटीकडे माना उंच करून बोलत होते. मी आत काउंटरमागे कुणाचातरी रहिवासी दाखल्याचा अर्ज भरत होते. मान वर केली नाही, पण बोटं कीबोर्डवर थांबली. तो शब्द अरबी नव्हता आणि फिलिपिनोही नव्हता. काय होता ते मला ठाऊक होतं. सगळ्या अष्टमीत, पुलापलीकडच्या रोह्यातसुद्धा, बहुतेक मला एकटीलाच. सात महिने मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. जिन्यापाशी उभं राहून कुणी त्या पाटीविषयी बोलायला लागलं की माझं टाइप करणं थांबायचं. आज कुणीतरी मोबाइल काढेल, शोधेल, मोठ्यानं हसेल आणि हसतहसतच जिना चढून वर जाईल, असं वाटायचं. मी पावलं ऐकत बसायचे.

ते दोघं वर गेले नाहीत. चहाला गेले.

आमचं दुकान म्हणजे ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. मी तिथे कामाला होते. वरच्या मजल्यावर चाचांचा ‘हुवाया’ पूल हॉल, बिलियर्डसारखा स्टिकनं बॉल मारायचा तो खेळ: दोन टेबलं, बारा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक मोठा टीव्ही आणि कुंडलिकेच्या बाजूला तीन खिडक्या. त्या खिडक्या चाचा कधी उघडू द्यायचे नाहीत. “नदीची हवा कपडा पितो,” म्हणायचे. कपडा म्हणजे टेबलावरचं निळं कापड. बावीस वर्षं आखातात त्यांनी तेच काम केलं होतं. मोठमोठ्या स्पर्धांच्या टेबलांचा कपडा ताणायचा, इस्त्री करायचा, फाटला की बदलायचा. जगातले सगळे नावाजलेले खेळाडू त्यांनी कमरेपासून खालीच जास्त पाहिले होते, कारण चाचा बहुतेक वेळ टेबलाखाली असायचे. “ह्याचे बूट बघ,” टीव्हीवर एखादा आला की सांगायचे, “हा टाच उचलतो. टाच उचलली की बॉल गेला.”

त्यांचं मनगटी घड्याळ अडीच तास मागे असायचं. परत येऊन सहा वर्षं झाली तरी त्यांनी ते इथल्या वेळेवर लावलं नव्हतं. “साडेतीनला ये” म्हणाले की सहाला जायचं, हे सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ होतं. पावसाळ्यात कपडा सुका राहावा म्हणून टेबलाखाली पिवळा बल्ब लावून ठेवायचे, अंडी उबवायला ठेवल्यासारखा. शुक्रवारी नमाजहून आले की कोमट इस्त्री घेऊन कपड्यावरून एकाच दिशेनं फिरवायचे, आणि ती फिरत असताना कुणी खोकलं तरी वळून बघायचे.

मी पेणला इंग्रजी शाळेत शिकले. पप्पांना धाटावच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा आम्ही अष्टमीला, म्हणजे बाहेरच्यांसाठी रोह्यालाच, राहायला आलो. शाळेत मराठी बोललं तर बाई वर्गाबाहेर उभं करायच्या, आणि मी इंग्रजी बोलायला गेले की वर्ग हसायचा. त्यामुळे मला दोन्ही भाषा येत होत्या आणि दोन्ही भाषांत गप्प बसता येत होतं. आईला वाटायचं, मी शांत आहे. मी शांत नव्हते, घाबरलेली होते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

चाचा पहिल्यांदा दुकानात आले ते ईमेल लिहून घ्यायला. आखातातल्या त्यांच्या जुन्या मालकांना ते दर महिन्याला पत्र पाठवत. “तू इंग्लिश मीडियमची ना? मंग लिही. कपडा कसा हाय, हवा कशी हाय, आणि या वर्षी टीम चुकीची निवडली.”

ही टीम म्हणजे त्यांचं दरवर्षीचं दुखणं. पूलची एक मोठी सांघिक स्पर्धा असते, दोन खंडांची, दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू. त्यातले काही वर्षभराच्या गुणांवर येतात आणि उरलेले कप्तान आपल्या मर्जीनं घेतो. चाचांचा जीव त्या मर्जीच्या जागांत. संघ जाहीर व्हायच्या आधी ते कॅलेंडरच्या पाठीवर आपले पाच लिहून ठेवायचे आणि मग टीव्हीशी भांडायचे. “ह्याला घेतला? अरे, हा चुकला की छताकडे बघतो!”

निवडीची त्यांची एकच कसोटी होती. शॉट चुकल्यावर माणूस कुठे बघतो. छताकडे बघणारा नशिबाला दोष देतो. स्टिककडे बघणारा सामानाला. पब्लिककडे बघणारा सगळ्यात वाईट, तो पुढचाही चुकणार. “जो कपड्याकडे बघतो,” चाचा म्हणायचे, “तो शिकतो. त्याला घ्यायचा. पॉइंट-फॉइंट मला नको सांगू.”

ईमेल लिहायला मी वर जायला लागले. दुपारी हॉल रिकामा असायचा. एक दिवस त्यांनी माझ्या हातात स्टिक दिली. मला टेबलावर कुणाशी बोलावं लागत नव्हतं, म्हणून ते आवडलं असावं. चार महिन्यांनी मी बरी खेळायला लागले. चुकले की खाली कपड्याकडे बघायचे. चाचांना वाटायचं, ही शिकतेय. खरं तर मला वर बघायची भीती वाटायची.

तो शब्द मला कळला तो एका रविवारी.

त्या सांघिक स्पर्धेचं जुनं रेकॉर्डिंग चालू होतं. पूलची ही एकच स्पर्धा अशी की तिथे प्रेक्षक गप्प बसत नाहीत. झेंडे, ढोल, गाणी, समोरच्या संघाचा माणूस वाकला की आरडाओरडा. चाचांनी एकदम रिमोट उचलून आवाज वाढवला. “ऐक! ऐक! हेच ते!” स्टेडियममधला एक भाग उभा राहून, समोरच्या संघाच्या नवख्या खेळाडूकडे बोटं रोखून, ठेक्यात ओरडत होता. चाचांचे डोळे भरून आले होते. “हुवाया!” ते माझ्याकडे वळून म्हणाले. “ऐकलंस? हुवाया!”

मी ऐकलं. ती माणसं म्हणत होती, ‘हू आर या?’ तू आहेस कोण? इंग्लंडकडची पब्लिक ‘यू’चं ‘या’ करते. प्रश्न विचारायला नाही, हिणवायला. तुला ओळखतं कोण, तुझी लायकी काय, असं.

मग त्यांनी गोष्ट सांगितली. नंतर ती मी पंधरा-वीस वेळा तरी ऐकली, प्रत्येक वेळी त्याच शब्दांत. “फायनलचा दिवस. हॉल खचाखच, अर्धे गोरे. एका बॉलनं उडी मारली नि कपडा फाटला. मॅच बंद. मॅनेजर बोलला, बुलाओ उसको. मी आत गेलो. अंगात निळी डांगरी, हातात इस्त्री, बगलेत ब्रश. आणि पब्लिक उभी! एका सुरात, माझ्याकडे बोट करून, हुवाया! हुवाया! मी छातीवर हात ठेवला, असा वाकलो. तर काय टाळ्या, काय टाळ्या! बावीस वर्षांत तिकडे माझं कुणी नाव नाय विचारलं गो. पण त्या दिवशी अख्ख्या हॉलानं मला हुवाया केलं.”

 खरं तर त्या दिवशी त्यांना कुणीतरी, कसंही का होईना, तू कोण, हेच विचारलं होतं. पण हे मला पुष्कळ नंतर सुचलं. त्या क्षणी फक्त कानशिलं तापली. खाली उतरताना पाटी दिसली, निळ्यावर पांढरी, पेंटरनं झोकात काढलेली अक्षरं. इंग्रजीतही, ऐकू आलं तसं स्पेलिंग करून.

सांगून टाकायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण रोजच्या रोज ते अवघड होत गेलं. अष्टमीत तो शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. इरफान रिक्षावाला आमच्या हॉलचा एक नंबरचा खेळाडू. त्यानं लांबचा बॉल घातला की बारा खुर्च्या ओरडायच्या, हुवाया! बाजारात कुणाचं पोरगं दहावीला पहिलं आलं तरी हुवाया. एकदा तर मासळीवाल्या मावशीनं अख्खं पापलेट झटक्यात साफ करून दाखवलं तेव्हा समोरचा म्हातारा म्हणाला, “हुवाया गो बाय!”

आणि मी चोरटेपणा करत राहिले. परदेशी सामना थेट चालू असला की चाचा मला फोनवर कॉमेंट लिहायला सांगायचे. “लिही, हुवाया!” मी इंग्रजीत ‘सुंदर शॉट’ लिहायचे. मालकांच्या ईमेलखाली सही करताना, “हुवाया लिही.” मी ‘सस्नेह’ लिहायचे. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. 

मग आखातातून मालकांचं उत्तर आलं. त्यांच्या क्लबचा व्यावसायिक संघ, दोन इंग्रज, दोन फिलिपिनो, एक तिकडचाच अरब, पूर्वेकडच्या एका आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धेला निघाला होता. मुंबईत दोन दिवस मुक्काम. सरावासाठी एक मैत्रीचा सामना तुमच्या गावाजवळ खेळू, पण फार लांब नको. पेण ठरलं. तिथलं मंगल कार्यालय एका मंगळवारी रिकामं होतं.

ईमेल वाचून दाखवताना माझा आवाज आत आत जात होता. चाचा उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. “पाहुणे येतायत,” म्हणाले. “आपल्या पब्लिकनं त्यांना असं हुवाया करायचं, असं करायचं, की त्यांना वाटलं पाहिजे आपण घरीच हाय.”

कुठे तारीख चुकलीय का ते बघायला मी ईमेल पुन्हा पहिल्यापासून वाचला.

आमचा संघ पाच जणांचा. हॉलमधल्या फळ्यावरच्या गुणांनी पहिले तीन आले, इरफान त्यांत पहिला. उरलेले दोन चाचांच्या मर्जीचे. एक पेणचे बँकेतले मोकल सर. दुसरं नाव त्यांनी फळ्यावर लिहिलं तेव्हा मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. माझं नाव होतं.

सुजित फळ्यावर चौथा होता. हार्डवेअरच्या दुकानात बसायचा. “चाचा, मस्करी करताय काय? फळ्यावर मी चार नंबर हाय. हिचं नाव तर खालून वाचायला लागतं.”

“तू चुकलास की पब्लिककडे बघतोस.”

“आणि ही?”

“ही कपड्याकडे बघते.”

सुजित माझ्याकडे बघून हसला. जाताना अगदी जवळून, हळू म्हणाला, “पेणला तिकडे आपलं पब्लिक आसंल हां. चुकलीस ना, बघ मंग काय करतंत ते.” मी रात्री जेवले नाही. आईनं विचारलं तर पोट दुखतंय म्हटलं. पप्पा म्हणाले, “अगं, निवड झालीय ना? मग?” त्यांना हे आनंदाचं वाटत होतं. मला मात्र दोन भीती एकावर एक रचून ठेवल्यासारख्या वाटत होत्या. वरची माझी, लोक बघणार याची. ती हलवली की खालून दुसरी निघायची. भर मांडवात, पाहुण्यांच्या तोंडावर, सगळी पब्लिक त्यांना ‘तू आहेस कोण’ म्हणणार होती. पाहुण्यांपैकी दोघं तर इंग्रजच. आणि त्यांच्या चेहऱ्यावरून चाचांना ते कळणार होतं. इतक्या वर्षांचं, एका झटक्यात.

आता चाचांनी पब्लिकचीही निवड सुरू केली. “टीम निवडणं सोपं. पब्लिक निवडणं कठीण.” आठवडाभर संध्याकाळी ते लोकांना हॉलमध्ये बोलवायचे, खुर्च्यांवर बसवायचे आणि मुद्दाम एक सोपा बॉल चुकवायचे. जो हसला तो बाद. “तू घरी टीव्ही बघ.” त्यांच्या चुलतभावाला बाद केलं. आमच्या दुकानाच्या मालकांना बाद केलं. मोकल सरांच्या बायकोला पहिल्या रांगेत जागा दिली, कारण चाचा चुकल्यावर त्या “अरेरे” म्हणाल्या. अशी चाळीस माणसं निवडली आणि त्यांची तालीम घेतली. कुणी चुकलं तर गप्प. आपल्या माणसानं बॉल घातला तर एकदा हुवाया. पाहुण्यानं घातला तर तीनदा, उभं राहून, बोट दाखवून.

“बोट कशाला, चाचा?” इरफाननं विचारलं.

“मला दाखवलं होतं. मानाचं असतं ते.”

त्या दिवशी मी थांबले. सगळे गेल्यावर ते कपड्यावरून ब्रश फिरवत होते. मी म्हटलं, “चाचा, तो शब्द… पाहुण्यांच्या समोर नको. त्यांना कळणार नाही.”

त्यांनी ब्रश थांबवून माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य. “त्यांचाच शब्द हाय गो. त्यांना नाय कळणार?”

पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. चार शब्दांचं. पण मी त्यांच्या हातातला ब्रश घेतला आणि कपड्यावरून उलट्या दिशेनं फिरवायला लागले. चाचांना वाटलं, मला सामन्याची धास्ती आहे. त्यांनी बिनदुधाचा सुलेमानी चहा करून दिला आणि म्हणाले, “भीती वाटते त्याला कपडा सांभाळतो. जो माजतो त्याला फेकतो.”

सोमवारी सकाळी एक टेबल खोलून टेम्पोत घातलं. टेबलाच्या कपड्याखाली दगडाच्या तीन लाद्या असतात, आणि एखादी तडकली की टेबल संपलं. चाचा मागे लाद्यांजवळ बसले, नव्या नवरीला सासरी नेताना बाप बसतो तसे. खांब गावापाशी हायवेवर टेम्पो इतका आदळला की त्यांनी तो थांबवून, रस्त्याच्या कडेला, पाण्याची बाटली लादीवर आडवी ठेवून तिच्यातला बुडबुडा मधोमध राहतो का ते बघितलं. पाठीमागून ट्रक हॉर्न मारत होते. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून देवाकडे मागत होते की लादी तडकू दे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

लादी तडकली नाही.

सामना आम्ही हरलो, ते आधीच सांगून टाकते. पाचपैकी चार हरलो. इरफान तेवढा जिंकला आणि नंतर महिनाभर त्याच्या रिक्षात बसणाऱ्या प्रत्येकाला तो सामना ऐकावा लागला. पुढच्या वर्षी चाचा मुलाकडे कुवेतला गेले. टेबलं नागोठण्याच्या कुणीतरी नेली. आता कधीतरी त्यांचा आवाजी मेसेज येतो. या वर्षीची टीम कशी चुकीची निवडली ते सांगतात आणि शेवटी तो शब्द म्हणतात. पण मला सांगायचंय ते त्या मंगळवारचं.

कार्यालयाच्या स्टेजवर आदल्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच होती. आमची चाळीस निवडक माणसं पुढे बसली होती आणि मागे सगळं पेण. चाचांनी निवडलं नव्हतं असं दोनेकशे तरी पब्लिक. चाळिसांनी मागच्यांना शब्द शिकवायला कितीसा वेळ लागणार? पाहुणे यायच्या आधीच मागून कुणीतरी ठेका धरला होता. सुजित मधल्या रांगेत उभा होता, हाताची घडी घालून.

चाचांनी निळी डांगरी घातली होती. तीच, आखातातली, धुऊन इस्त्री केलेली. पहिल्या खुर्चीवर ताठ बसले होते.

पहिले तीन सामने नशिबानं लवकर आटोपले. फिलिपिनो दोघांना आणि त्या अरबाला लोकांनी हुवाया केलं तेव्हा ते हसले, हात हलवले. त्यांना काय समजलं देव जाणे. चौथा सामना माझा. समोर आला तो लाल दाढीचा, उंच इंग्रज. टीव्हीवर मी त्याला दोनदा पाहिलं होतं. त्यानं हात पुढे केला. माझा हात ओला होता, तो मी आधी ड्रेसला पुसला.

खेळ साधा असतो. सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला आधी लागायचं, आणि जो नवाचा बॉल घालेल त्याचा डाव. पहिल्या डावात मला दोन संधी मिळाल्या, दोन्ही चुकल्या. कपड्याकडे बघत राहिले. चाळीस माणसं गप्प. मागून एक शिट्टी आली, आणि मोकल सरांच्या बायकोनं मागे वळून असं काही बघितलं की दुसरी आली नाही.

मग त्या इंग्रजानं तो शॉट मारला. बॉल एका कडेला, पॉकेट भलतीकडे, मध्ये दोन बॉल आडवे. त्यानं पांढरा बॉल टेबलाच्या दोन कडांना लावून आणला आणि नवाचा बॉल घातला, अगदी हळू, जसा कुणी पाळण्यात मूल ठेवावं. क्षणभर कुणाला कळलं नाही. मग सगळं कार्यालय उठलं. चाळीस पुढचे, दोनशे मागचे, स्वयंपाकघराच्या दारात आलेले केटरिंगवाले. सगळ्यांची बोटं त्याच्याकडे.

हुवाया! हुवाया! हुवाया!

इंग्रज सरळ उभा राहिला. चेहऱ्यावरचं हसू गेलं. आधी कान लाल झाले, मग गळा. त्यानं आपल्या संघाकडे बघितलं. तिकडचा दुसरा इंग्रज खुर्चीतून अर्धा उठला होता. लाल दाढीवाल्यानं स्टिक टेबलावर आडवी ठेवली. चाचांच्या कपड्यावर, आडवी. मला वाटलं, आता तो निघून जाणार.

आणि चाचा उठले. त्यांना वाटलं असावं, पाहुणा भारावून गेला. त्यांनी छातीवर हात ठेवला, कमरेत वाकले आणि एकट्यानं, मोठ्यानं, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “हुवाया!”

पब्लिक गप्प झाली. डांगरीतला एक म्हातारा वाकलेला आणि समोर लाल झालेला माणूस. त्या इंग्रजाला काही जुळेना. त्यानं वळून सगळ्यात जवळच्या माणसाला विचारलं. म्हणजे मला. इंग्रजीत, हळू, पण दात आवळून: “हे सगळे मला काय म्हणतायत?”

  खरं सांगितलं असतं तर तो चिडला असता, आणि चाचांना कुणीतरी कारण सांगितलंच असतं. काहीच बोलले नसते तरी तो स्टिक उचलून गेला असता. मी खाली कपड्याकडे बघितलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. मग मी वर बघितलं, त्याच्या तोंडाकडे, आणि इंग्रजीत म्हणाले की तुम्हाला वाटतंय ते मलाही आधी वाटलं होतं. पण इथे याचा अर्थ ‘वा, छान खेळलात’ असाच आहे, दुसरा नाही. हे गृहस्थ तुमच्या टेबलांचा कपडा बावीस वर्षं लावत होते. हा शब्द त्यांनी आणला. गावात मासळी चांगली मिळाली तरी हाच म्हणतात.

एवढी इंग्रजी मी शाळेतही एका दमात बोलले नव्हते. आवाज मधे दोनदा फाटला. तो माझ्याकडे बघत राहिला, मग चाचांकडे, त्या निळ्या डांगरीकडे.  मग त्यानं आपला हात छातीवर ठेवला, आणि वाकला.

कार्यालयात एकच गलका झाला. चाचा सरळ झाले, डोळे पुसले आणि पहिल्या रांगेतून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मला विचारलं, “काय विचारत होता गो पाव्हणा?”

 दोनशे-अडीचशे तोंडं माझ्याकडे वळली. सुजितचंही. या वेळी मराठीत बोलायचं होतं, आणि ते जास्त भीतीचं होतं, कारण आता सगळ्यांना कळणार होतं. मी स्टिक दोन्ही हातांनी धरली.

“शब्द कुठला, म्हणून विचारत होता,” मी म्हणाले. आणि मग, मागच्या केटरिंगवाल्यांपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं: “मी सांगितलं, रोह्याचा.”